पाण्याच्या वर, पाण्याच्या आत : छायाचित्रण प्रकल्पाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४ : आखणी

आजपासून राज्यात पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. त्या दोन तारखांमधला हा आठवडा. कामाला लागायला चांगला दिवस.

प्रकल्प असा: बारा चित्रांची मालिका. सहा चित्रं उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या पाणपक्ष्यांची, म्हणजे भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हा पट्टा. उरलेली सहा घरच्या टाकीतल्या लहान देशी माशांची. छपाईचा आकार १२ × १८ इंच. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे १९.५ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात कापाकापीला फार वाव राहत नाही. म्हणून चौकट जागेवरच बरोबर बसली पाहिजे.

पक्षी आणि मासे या दोन वेगळ्या शाखा मानल्या जातात. या प्रकल्पात दोन्हीकडे एकच प्रश्न धरून काम करायचं आहे: भिंग आणि जीव यांच्या मध्ये काय आहे? उजनीवर मध्ये हवा असते, तीही पाण्यालगतची, सतत हलणारी. घरी मध्ये काच आणि पाणी असतं. चित्र मऊ आलं की दोष भिंगाला किंवा फोकसला दिला जातो, पण बहुतेक वेळा खरं कारण या मधल्या थरात सापडतं. तो थर कमी करायचा, स्वच्छ करायचा किंवा त्यातून सरळ बघायचं. या नोंदींचा भर त्यावर राहील.

साहित्य: फुल-फ्रेम कॅमेरा, ५०० मिमी भिंग, १०० मिमी मॅक्रो, ८५ मिमी, दोन साधे स्पीडलाइट (सुटे फ्लॅश) आणि त्यांचे रेडिओ ट्रिगर.

९ नोव्हेंबर २०२४ : फोटो टाकीची काच

राहत्या टाकीत माशाचे ओळखीसारखे स्वच्छ फोटो निघणं कठीण. मासा मागे जातो, आडव्या दिशेने वळतो, मध्ये वनस्पती येतात. त्यासाठी वेगळी अरुंद फोटो टाकी बनवतो आहोत. बाहेरचं माप ४० × १० सेंमी, उंची २५ सेंमी. काच ५ मिमी साधी फ्लोट. तुकडे असे कापून घेतले: तळ ४० × १०, पुढची आणि मागची काच ४० × २४.५, दोन बाजू ८.८ × २४.५. बाजूंचा हिशेब ९ सेंमी येतो. २ मिमी कमी ठेवले ते सिलिकॉनच्या थरासाठी. पूर्ण ९ ठेवले तर सिलिकॉन दाबून बाहेर निघतं आणि काच काचेला टेकते. असा सांधा पुढे हमखास गळतो.

शिवाय एक सुटी काच, ३८ × २४ सेंमी. ती टाकीत उभी सरकवून माशाला पोहायला ४ ते ५ सेंमी रुंदीची गल्ली ठेवायची.

कमी लोहाची महागडी काच घ्यावी का, हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. १० किंवा १२ मिमी जाडीला साध्या काचेची हिरवट झाक चित्रात उतरते. ५ मिमीला सरळ बघितलं तर ती इतकी कमी असते की व्हाइट बॅलन्समध्ये निघून जाते. ते पैसे पुढच्या काचेचा बिनओरखड्याचा तुकडा निवडण्यात घालवावेत. काचवाल्याकडे काच उभी धरून, मागे काळा कपडा ठेवून, बाजूने टॉर्च मारायचा. समोरून न दिसणारा प्रत्येक ओरखडा उजळतो. चारही कडा घासून घ्यायच्या, नाहीतर पुढे हात कापतात.

१० नोव्हेंबर २०२४ : जोडणी

सिलिकॉन शंभर टक्के, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्यायचं. ‘सॅनिटरी’ किंवा ‘बुरशीरोधक’ लिहिलेलं नाही; त्यातलं बुरशीनाशक पाण्यात उतरतं आणि मासे मरतात. सांध्यापासून ५ मिमी सोडून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप. कडा स्पिरिटने पुसून बोट न लावता जोडायच्या; बोटाचं तेल राहिलं तर सिलिकॉन काचेला धरत नाही.

क्रम: तळ, मग मागची काच, दोन्ही बाजू, शेवटी पुढची. सिलिकॉनवर पाच ते दहा मिनिटांत साय धरते. तेवढ्यात बोट फिरवून सांधा गुळगुळीत करायचा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप ओढायची. उशीर झाला तर टेपेबरोबर सिलिकॉनचं काठ फाटून येतं. चोवीस तास हलवायचं नाही.

१७ नोव्हेंबर २०२४ : गळती तपासणी

कोरड्या वर्तमानपत्रावर टाकी ठेवून २० सेंमीपर्यंत पाणी भरलं. आत साधारण ७ लिटर मावतं. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा. सिलिकॉनचा वास पूर्ण गेल्याशिवाय मासा घालायचा नाही. या हवामानात त्याला आठवडा लागतो. वास येतो आहे याचा अर्थ अॅसेटिक आम्ल अजून सुटतं आहे, आणि ७ लिटरसारख्या थोड्या पाण्यात त्याने सामू (पीएच) झपाट्याने खाली येतो.

२३ नोव्हेंबर २०२४ : काचेचा कोन

मासा न घालता चाचणी. टाकीत, पुढच्या काचेपासून ३ सेंमी आत, प्लास्टिकची मोजपट्टी उभी केली. तिच्यावरचे मिलिमीटरचे काप हा चाचणीचा विषय.

कॅमेरा काचेला काटकोनात धरला तर कापांच्या कडा स्वच्छ येतात. १५ अंश तिरकं झालं की चौकटीच्या एका बाजूला कडांना निळी-पिवळी झालर दिसू लागते. ३० अंशांवर सगळी चौकट पुसट होते, आणि भिंगाचं छिद्र कितीही लहान केलं तरी ती पूर्ण सुधारत नाही. कारण साधं आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, काचेचा सुमारे १.५, तिरक्या किरणात रंगागणिक वळण वेगळं, आणि भिंगाच्या डाव्या-उजव्या भागातून येणारे किरण वेगवेगळ्या कोनांत वळतात. ते एका बिंदूवर जुळत नाहीत. म्हणून नियम: कॅमेरा नेहमी काचेला सरळ. मासा तिरका असेल तर तो वळेपर्यंत थांबायचं, कॅमेरा वळवायचा नाही.

सरळपणा तपासायची युक्ती: भिंगाचं प्रतिबिंब काचेत बघायचं. भिंगाचा गोल चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसला की कॅमेरा काटकोनात आहे. मग भिंगाच्या तोंडावरचं रबरी हूड काचेला टेकवायचं किंवा भिंगाभोवती काळा पुठ्ठा धरायचा. प्रतिबिंब नाहीसं होतं.

पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावून पाहिला. सरळ कोनात त्याचा काहीही उपयोग नाही. परावर्तित प्रकाश ध्रुवित होतो तो तिरक्या कोनात, काचेसाठी साधारण ५६ अंशांच्या आसपास. समोरासमोर पडणारं प्रतिबिंब ध्रुवित नसतंच. उलट दीड स्टॉप प्रकाश जातो. मत्स्यालयात पोलरायझर वापरा हा सल्ला अजूनही फिरतो आहे, तो सोडून द्यावा. खोली अंधारी करणं आणि गडद रंगाचे कपडे घालणं याने जास्त काम होतं.

१ डिसेंबर २०२४ : उजनी, होडीतली बैठक

पावसाळ्यात धरण भरलं की डिसेंबरपर्यंत पाणी काठापर्यंत असतं. उथळ चिखलाचे पट्टे अजून उघडे पडलेले नाहीत. रोहितांची (फ्लेमिंगोंची) खरी गर्दी पाणी उतरेल तशी वाढते. आता वारकरी, राखी बगळे, चित्रबलाक, नदी सुरय, कवड्या खंड्या. पट्टकादंबांचे पहिले थवे आले आहेत.

होडीत फळीवर बसायचं नाही, तळाशी बसायचं. फळीवर बसलं तर भिंग पाण्यापासून एक मीटरच्या वर जातं, तळाशी बसलं तर अर्ध्या मीटरवर येतं. २० मीटरवरचा पक्षी अर्ध्या मीटरवरून बघितला तर खालचा कोन दीड अंशापेक्षा कमी होतो. त्यामुळे पक्ष्यामागे जवळचं पाणी न येता दूरचा काठ येतो आणि पार्श्वभूमी मऊ होते. काठावरून, ३ मीटर उंचीवरून तोच पक्षी साडेआठ अंशांनी दिसतो. मागे येतं ते त्याच्यालगतचं गढूळ पाणी. दोन चित्रांत जो फरक दिसतो तो बहुतेक या सात अंशांचा असतो, भिंगाच्या किमतीचा नव्हे.

भिंगाखाली ठेवायच्या बीनबॅगमध्ये मका किंवा राजमा, दोन तृतीयांश भरलेला. गच्च भरली तर भिंग वर लोळतं. मोटर चालू असताना बीनबॅग होडीच्या काठावर टेकवू नये, इंजिनची थरथर सरळ भिंगात येते. मोटर बंद झाली की टेकवायची. शेवटचे पन्नासएक मीटर नावाडीदादांनी बांबूने होडी ढकलली तर थरथरही नाही आणि पक्षीही बिचकत नाहीत. निघण्याआधीच त्यांच्याशी हे ठरवून घ्यावं. पक्ष्याच्या रोखाने होडी सरळ न्यायची नाही. तिरपी, जणू बाजूने निघून चाललो आहोत अशी न्यायची.

कवड्या खंड्या एका जागी फडफडत घिरट्या घालतो, डोकं स्थिर ठेवून. पंखांची टोकं गोठवायला १/३२०० सेकंदाचा शटर लागतो; १/१६०० ला धड स्वच्छ आणि पंख धुरकट येतात. चोच खाली वळली आणि पंख मागे गेले की सूर. त्या क्षणी बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. घिरटी सुरू झाली तेव्हापासूनच बर्स्ट, म्हणजे सलग चौकटींची माळ, चालू ठेवावा लागतो.

८ डिसेंबर २०२४ : फोटो टाकीचा प्रकाश

आधी बाहेरचा प्रकाश मोजून बाद करायचा. कॅमेरा: शटर १/२०० सेकंद, भिंगाचं छिद्र एफ ११, आयएसओ (प्रकाशसंवेदन) २००. दोन्ही फ्लॅश बंद ठेवून एक चौकट काढली, ती पूर्ण काळी आली पाहिजे. काळी नसेल तर खोलीतला प्रकाश चित्रात मिसळतो आहे. हलत्या माशाला फ्लॅशच्या धारदार प्रतिमेबरोबर एक पुसट सावलीही येते. मग दिवे बंद करा, पडदा ओढा.

फ्लॅश पहिला: टाकीच्या बरोबर वर, पाण्यापासून २५ सेंमी, किंचित कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवलेला. मध्ये २० × ३० सेंमीच्या चौकटीवर ताणलेला बटर पेपर. जोर १/८. या जोराला बहुतेक स्पीडलाइटचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही खूप कमी वेळ टिकतो. माशाची हालचाल गोठते ती या झोताने, शटरने नाही.

फ्लॅश दुसरा: मागून, वरून तिरका, जोर १/३२. त्याचं काम पारदर्शक पर आणि खवल्यांच्या कडा उजळणं. हा भिंगात थेट दिसत असेल तर मध्ये काळा पुठ्ठा.

समोरून, भिंगाच्या बाजूने फ्लॅश कधीच नाही. काचेत चमक येते हे एक. दुसरं म्हणजे पाण्यातला प्रत्येक कण समोरून उजळतो आणि चौकटभर पांढरे ठिपके येतात. वरून प्रकाश टाकला तर तेच कण खूप कमी दिसतात.

चंदेरी मासा अवघड. त्याच्या कातडीतले ग्वानिनचे स्फटिक आरशासारखं काम करतात; प्रकाशाचा स्रोत लहान असेल तर अंगावर एक जळका पांढरा डाग आणि बाकी काळं. डिफ्यूझर मोठा करणं हाच उपाय. वरचा प्रकाश पोटापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तळाला, पुढच्या काचेलगत, ३ सेंमी रुंद पांढऱ्या अॅक्रिलिकची पट्टी ठेवली. पूर्ण तळ पांढरा केला तर प्रकाश अजून चांगला उसळतो, पण फिकट तळावर बरेच मासे काही मिनिटांतच रंग उतरवतात. पट्टी चौकटीच्या खाली राहील एवढीच, बाकी तळ गडद.

पार्श्वभूमी टाकीच्या आत लावायची नाही. मागच्या काचेपासून १० सेंमी लांब काळं मखमल टांगलं. कागद किंवा कार्डबोर्ड काळा दिसला तरी फ्लॅशखाली राखाडी येतो.

१५ डिसेंबर २०२४ : पाणी स्वच्छ करणं

या एका कामाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही, आणि याचाच सर्वात कंटाळा केला जातो.

चोवीस तास आधी खाणं बंद. निरोगी मोठ्या माशाला याने काही होत नाही, आणि पाण्यात विष्ठेचे धागे राहत नाहीत. फिल्टरमध्ये नवीन फिल्टर वूल (गाळायचा कापूस). पाणी पिवळसर असेल, म्हणजे टाकीत लाकूड किंवा बदामाची पानं असतील, तर सक्रिय कोळसा दोन-तीन दिवस आधी घालायचा.

पाणी बदलणं २५ ते ३० टक्के, पण आदल्या दिवशी. त्याच दिवशी नळाचं पाणी घातलं तर तासाभरात सगळ्या काचेवर, पानांवर आणि माशांच्या परांवरही बारीक बुडबुडे बसतात. नळाचं पाणी दाबाखाली असतं, थंड असतं. टाकीत आल्यावर दाब कमी होतो, ते तापतं आणि विरघळलेली हवा बाहेर पडते. रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी घातलं तर हा त्रास नाही. क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट आहेच.

फोटो टाकीत राहत्या टाकीचंच पाणी भरायचं, वूलमधून गाळून. तापमान आणि सामू जुळवत बसावं लागत नाही.

काचेच्या आतली बाजू मेलामाइन स्पंजने, कोरड्या दाबाने नाही, पाण्याखालीच. बाहेरची आधी ओल्या आणि मग कोरड्या मायक्रोफायबरने. पाण्याच्या पातळीला जमणारी पांढरी क्षाराची रेघ व्हिनेगर लावलेल्या कापडाने, टाकी रिकामी असताना. अमोनियाचे काच-पुसणी फवारे टाकीजवळ आणायचे नाहीत.

२२ डिसेंबर २०२४ : मासे

तीन जाती घेतल्या: झेब्रा डॅनियो, फिलामेंट बार्बची पिल्लं, पट्टेरी पँचॅक्स. तिन्ही आपल्या उपखंडातल्या, घरी वाढवलेल्या. रेड लाइन टॉर्पेडो बार्ब मुद्दाम घेतला नाही. हा सह्याद्रीचा दक्षिणेकडचा, केरळ-कर्नाटकच्या नद्यांतला मासा. शोभेच्या व्यापारासाठी नदीतून इतका उपसला गेला की तो संकटग्रस्त यादीत आहे. बंदिस्त पैदाशीचा मिळतो, पण दुकानातला मासा नदीतला की पैदाशीचा हे विक्रेत्याने खात्रीने सांगितल्याशिवाय घेऊ नये.

मासा जाळीने उचलायचा नाही, पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात पाण्यासकट उचलायचा. जाळीत खवले निघतात आणि १०० मिमी मॅक्रोत निघालेला प्रत्येक खवला दिसतो. फोटो टाकीवर झाकण हवं, डॅनियो उडी मारतात. झाकणाची काच कोरडी ठेवायची. तिच्यावरच्या थेंबांच्या सावल्या माशाच्या पाठीवर पडतात.

मासा घातल्यावर पंधरा-वीस मिनिटं काही करायचं नाही. मग फ्लॅश १/६४ ला दोन-चार वेळा, नंतर नेहमीच्या जोराला. पर मिटलेले, कल्ले भराभर चालणं, काचेवर सतत धडकणं, पृष्ठभागावर तोंड काढणं, यातलं काही दिसलं की मासा परत राहत्या टाकीत. ७ लिटर पाण्यात, पंपाविना, अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त कुणालाच ठेवायचं नाही.

फोकस: ५ सेंमीचा मासा चौकटीत नीट भरायचा तर प्रतिमा अर्ध्या आकाराची लागते. एफ ११ ला या आकाराला फोकसची खोली, म्हणजे एकाच वेळी धारदार येणारा पट्टा, हवेत सुमारे ४ मिमी. पाण्यात ती ताणून ५ मिमीच्या पुढे जाते. एफ १६ केलं तर खोली वाढते, पण अर्ध्या आकाराला प्रत्यक्ष छिद्र एफ २४ इतकं वागतं आणि विवर्तनाने सगळंच मऊ होतं. एफ ११ वर थांबावं आणि मासा काचेला समांतर येण्याची वाट पाहावी. गल्ली ४ सेंमीची ठेवली ती याचसाठी.

ऑटोफोकस काचेवरच्या कणांवर अडकतो. अंतर गल्लीच्या मध्यावर हाताने पक्कं करून, मासा त्या पातळीत आला की बटण, ही जुनी पद्धत इथे जास्त चित्रं देते. डोळा आणि कल्ल्याची कड स्वच्छ असेल तर शेपटी थोडी मऊ चालते. उलट असेल तर चित्र बाद.

पँचॅक्स पृष्ठभागालगत राहतो. भिंगाची उंची पाण्याच्या रेषेच्या २ ते ३ सेंमी खाली आणली, कॅमेरा आडवाच ठेवून. आतून बघताना पाण्याचा पृष्ठभाग पूर्ण परावर्तन करतो आणि माशाचं उलटं प्रतिबिंब वर दिसतं. त्याच्या डोक्यावरचा फिकट ठिपका प्रतिबिंबातही उमटतो. भिंग रेषेच्या बरोबर समोर असेल तर फक्त काचेला चढलेल्या पाण्याची जाड काळी पट्टी येते.

५ जानेवारी २०२५ : उजनी, हलती हवा

पट्टकादंबांचा थवा, अंतर अंदाजे ८० मीटर. ऊन स्वच्छ, वारा नाही, १/२५००, आणि तरीही एकही चौकट धारदार नाही.

असं झालं की जागेवरच तपासायचं. स्थिर उभ्या पक्ष्याचा वीस चौकटींचा बर्स्ट घ्यायचा आणि मोठा करून बघायचा. सगळ्या चौकटी सारख्याच मऊ, पण पुढचं किंवा मागचं गवत धारदार: फोकसचा दोष. कडा एकाच दिशेला दुहेरी: हात हलला किंवा होडी. प्रत्येक चौकट वेगळ्या प्रकारे मऊ, एकीत डोकं बरं तर दुसरीत पाय, कडा लाटांसारख्या: हवा. आजच्या चौकटी तिसऱ्या प्रकारच्या.

थंड पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं. पाण्यालगतची हवा तापून वर चढते, थंड हवा तिच्यात मिसळते. दोन्हींची घनता वेगळी म्हणून किरण सतत थोडे थोडे वळत राहतात. सकाळी दहानंतर उघडा चिखल तापला की तोच प्रकार काठावर, अधिक जोरात. शटर वाढवून यातलं काहीच सुटत नाही, आणि महाग भिंगानेही नाही. उपाय एकच: मधली हवा कमी करणं. २० मीटरवरचा वारकरी याच वेळी स्वच्छ आला, ८० मीटरवरचा कादंब नाही. म्हणजे लांबच्या थव्याला सोडून जवळ येणाऱ्याची वाट पाहायची, किंवा उडणारा पक्षी घ्यायचा. डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्यापर्यंत पाण्यालगतचा हा थर मध्ये येत नाही.

अजून एक कारण पटकन लक्षात येत नाही. गरम गाडीतून काढलेलं भिंग थंड हवेत आणलं की हूडच्या नळीत हवा घुसळते. पहिली पंधरा मिनिटं हूड काढून ठेवावं. गाडीतून फोटो घेत असाल तर हीटर किंवा एसी बंद, दोन्ही बाजूंच्या काचा आधीच खाली.

१९ जानेवारी २०२५ : रोहित

पाणी उतरतं आहे, उथळ पट्टे दिसू लागले. रोहित आले आहेत.

ऊन वर आल्यावर मोजमाप हाताने: आयएसओ ४००, एफ ८, १/१६००. ही साध्या विषयाची मांडणी. पांढऱ्या पक्ष्याला १/२५००. कॅमेऱ्यावर सोडलं तर गडद पाणी बघून तो प्रकाश वाढवतो आणि पाठीवरची पिसं पांढरीफेक होतात. ती नंतर कशानेही परत येत नाहीत. हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल रंगाची वाहिनी वेगळी बघायची. गुलाबी-लाल पंखात ती बाकीच्यांच्या आधी भरते, आणि एकत्र आलेखात ते दिसत नाही.

थवा अस्वस्थ झाला की चिखलात खाली असलेल्या माना एकेक करून वर येतात, मग सगळे एकाच दिशेने चालू लागतात. माना वर आल्या तिथेच होडी थांबवायची. चालू लागले तर मागे यायचं. लाल-काळे पंख उघडलेले दिसावेत म्हणून थवा उडवणं हा पक्ष्यांवर अन्याय आहे. ते इथे खायला येतात, आणि दिवसातून अनेक होड्या त्यांच्याकडे येतात. कुरवांना शेव-गाठी टाकून होडीभोवती गोळा करणंही तसंच. तसे फोटो या मालिकेत घेणार नाही.

९ फेब्रुवारी २०२५ : पूर्ण टाकीचं चित्र

मालिकेत एक चित्र पूर्ण टाकीचं. ६० × ३० × ३६ सेंमी, वनस्पतींची.

८५ मिमी, कॅमेरा २ मीटरवर, टाकीच्या मध्याच्या उंचीला. जवळून रुंद भिंग वापरलं तर बाजूच्या काचांच्या आतल्या बाजू दिसतात आणि त्यांच्यात वनस्पतींची प्रतिबिंबं. लांबून त्या अरुंद होतात. ३० सेंमी खोल टाकी पाण्यामुळे बाहेरून सुमारे २२-२३ सेंमी खोल दिसते. एफ ११ ला या अंतरावर ३५ सेंमीच्या आसपास फोकसची खोली मिळते, म्हणजे पुढची वाळू आणि मागची पानं दोन्ही येतात. फोकस पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर.

टाकीचा एलईडी वापरून काढायचं असेल तर शटर १/५० किंवा १/१००. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्याहून वेगवान शटरला, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरला, आडवे पट्टे येतात. डिमर असलेल्या दिव्याला हा आकडा वेगळा असू शकतो, दिवा पूर्ण जोरावर ठेवून बघावं. पण १/५० ला मासे पुसट येतात. म्हणून वर दोन फ्लॅश, मागे बटर पेपर आणि त्यावर मागून तिसरा, उसना घेतलेला फ्लॅश.

दिवे लागल्यापासून एक-दोन तासांनी काढावं. आधी काही वनस्पतींची पानं मिटलेली असतात, उशिरा पानांवर ऑक्सिजनचे बुडबुडे चढतात. फिल्टरची नळी, हीटर, थर्मामीटर बाहेर. हीटर आधी बंद करून, गार झाल्यावरच काढायचा. गरम नळी हवेत आली की तडकू शकते.

जपानचे ताकाशी आमानो मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याने जंगलं टिपायचे आणि त्याच कॅमेऱ्याने टाक्याही. त्यांच्या पद्धतीने काम करणारे पृष्ठभागावर हेअर ड्रायरने वारा सोडतात, लहरींनी वरची कड जिवंत दिसते. पाण्यावर विजेचं यंत्र धरणं नको. पुठ्ठ्याने वारा घातला तरी तेवढ्याच लहरी येतात.

९ मार्च २०२५ : निवड आणि छपाई

पट्टकादंब उत्तरेकडे निघाले. पक्ष्यांची बाजू इथे थांबवली.

निवडीचा पहिला नियम: मधल्या थराने खराब झालेली चौकट सॉफ्टवेअरने धारदार करायची नाही. हलत्या हवेच्या चौकटीवर शार्पनिंग चालवलं की पिसांच्या जागी किड्यांसारखी नक्षी उमटते, आणि १२ × १८ च्या छापात ती हातभर अंतरावरून दिसते.

टाकीच्या चित्रांत कणांचे ठिपके पुसले, तेवढीच दुरुस्ती. मागचं काळं मखमल आणखी काळं केलं नाही. पराची पारदर्शक कड त्यात बुडते.

प्रत्येक चित्राखाली ओळ: माशांच्या चित्रांना ‘बंदिस्त, फोटो टाकीत’, पक्ष्यांच्या चित्रांना ‘मुक्त, उजनी’. टाकीतला मासा नदीतला म्हणून दाखवणं चालणार नाही. कोणत्याही घरट्याचं चित्र घेतलेलं नाही. चित्रं पाठवण्याआधी फाइलमधली जीपीएस माहिती काढून टाकली.

कागद मॅट निवडला. चकचकीत कागदावर गॅलरीच्या दिव्याचं प्रतिबिंब पडतं. मॅटवर काळा थोडा राखाडी येतो, म्हणून टाकीच्या सहा चित्रांची एक-एक ४ × ६ ची चाचणी आधी काढून सावल्या थोड्या वर घेतल्या, मग मोठी छपाई.

मासे राहत्या टाकीतच राहणार. नको झालेला मासा तलावात किंवा नदीत सोडणं कधीच नाही: शोभेच्या टाक्यांतून सुटलेला सकर मासा उजनीतही पसरला आहे आणि कोळ्यांची जाळी फाडतो. घ्यायला कुणी तयार नसेल तर विकणाऱ्याकडे परत.

उरलेली कामं: फोटो टाकीच्या मागच्या सांध्यावर उजव्या कोपऱ्यात सिलिकॉन पातळ आहे, तो तुकडा ब्लेडने काढून पुन्हा भरायचा. दुसऱ्या फ्लॅशच्या ट्रिगरचे सेल बदलायचे. ५०० मिमी आणि मॅक्रो पावसाळ्याआधी कोरड्या पेटीत, आर्द्रता ४० ते ५० टक्के. सिलिका जेल तापवून पुन्हा कोरडी करून ठेवायची.